शाडूचा राजासॉरस घोट्यात तडकतोय (मातीचे डायनासोर घडवणं आणि रंगवणं)

निनाद_कु

दोन वर्षांपूर्वी गणपतीनंतर शाडू उरला होता. तो वाया जाऊ नये म्हणून मुलीसाठी एक डायनासोर केला आणि तेव्हापासून मलाच याचा नाद लागला आहे. आजवर सात झाले. ते सगळे चार पायांवर उभे होते, नीट उभे राहिले. आता दोन पायांवरचा करायला घेतलाय आणि तिथेच गाडी अडली आहे.

करतोय राजासॉरस. कारण तो आपल्याकडचा. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला त्याची हाडं मिळाली आणि २००३ मध्ये त्याचं 'राजासॉरस नर्मदेन्सिस' असं नामकरण झालं. कपाळावर एकच बुटकं, गोलसर शिंग. लांबी साधारण साडेसहा मीटर, म्हणजे विसास एक या प्रमाणात तेहतीस सेंटिमीटर. कपाटाच्या फळीवर बरोबर बसतो.

आत बाइंडिंग वायर दुहेरी पिळून सांगाडा केला आणि वरून शाडू लावला. पहिले तीन दिवस सगळं छान. चौथ्या दिवशी घोट्याभोवती केसाएवढी रेघ दिसते, संध्याकाळपर्यंत ती पायाभोवती अंगठीसारखी पूर्ण फिरते, आणि पाचव्या दिवशी राजेसाहेब नाकावर. असं तीनदा झालं. लेक दर वेळी विचारते, "बाबा, हा पण जखमी?"

माती बदलू, तार बदलू की वाळवायची पद्धत? रंगांबद्दलही सांगा. शाळेत सगळे डायनासोर हिरवे रंगवलेले पाहिलेत, पण ते मनाला पटत नाही.

पेणची_मृणाल

शाडू वाळताना आकसतो, तार आकसत नाही. माती आत ओढली जाते, तार तिला हलू देत नाही, मग जिथे थर सर्वात पातळ तिथे ती फाटते. तुमच्या मूर्तीत ती जागा घोट्याची आहे. माती चांगली आहे, तुम्ही मळलीही नीट असणार.

आमच्याकडे तीन पिढ्या गणपती घडतात. शाडूत उघडी तार आम्ही घालत नाही. घालायचीच असेल तर तिच्यावर सुतळी घट्ट गुंडाळा आणि ती पाण्यात कालवलेल्या पातळ शाडूत बुडवून ओलसर असतानाच वर माती चढवा. सुतळी थोडी दबते, तेवढी जागा मातीला पुरते. मातीत कापूस पिंजून मळा, किंवा वर्तमानपत्राचा भिजवून वाटलेला लगदा. धागे मातीला धरून ठेवतात.

दुसरं म्हणजे पाय आधी वाळतात आणि पोट आठवडाभर ओलं राहतं. म्हणून पायांना ओलं फडकं गुंडाळून वर प्लास्टिकची पिशवी बांधा. पोट वाळत आलं की मग पाय उघडा. पंख्याखाली ठेवू नका, उन्हात तर मुळीच नाही.

धनेश_७

मृणालताई, एवढं नेमकं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

रंगारी

मी वेगळा सल्ला देतो. दोन पायांच्या प्राण्यासाठी शाडूचा हट्ट सोडा. आत ॲल्युमिनियमची तार, तिच्यावर स्वयंपाकघरातल्या फॉइलचे गोळे दाबून शरीराचा ढोबळ आकार, आणि वर एपॉक्सी पुट्टी. हार्डवेअरच्या दुकानात नळ बुजवायला मिळते तीच, दोन भाग सारखे मळायचे. ती आकसत नाही, तासाभरात घट्ट होते आणि दगडासारखी टिकते. फक्त एका वेळी सुपारीएवढीच मळा, नाहीतर अर्धी हातातच कडक होते. आणि हातमोजे घाला. मी दोन वर्षं उघड्या हातांनी मळत होतो, मग बोटांना पुरळ उठलं आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न "पुट्टी वापरता का?" हाच विचारला. घासताना नाकावर मास्कही हवा.

आणखी एक. तार पावलाखाली दोन-तीन सेंटिमीटर बाहेर काढून लाकडी पाटात भोक पाडून बसवा. मग तोल शेपटीवर नाही, पाटावर.

पेणची_मृणाल

@रंगारी, टिकाऊपणाचं तुमचं बरोबर आहे. पण पुट्टीची चूक दुरुस्त होत नाही. शाडूत रात्री केलेलं नाक सकाळी आवडलं नाही तर पाण्याचा हात लावून पुन्हा करता येतं. शिकणाऱ्याने आधी शाडूच धरावा असं मला मनापासून वाटतं.

अनघा_दे

पॉलिमर क्लेचं कुणी बोललं नाही. ती वाळत नाही, भाजावी लागते. त्यामुळे पंधरा दिवस रोज थोडं थोडं करता येतं, आणि मला लहान मुलामुळे तेवढंच जमतं. पाकिटावरचं तापमान पाळायचं, बहुतेक १३० अंशांच्या आसपास असतं. भट्टीत वेगळा थर्मामीटर ठेवा, छोट्या ओटीजीचा (घरगुती विजेच्या भट्टीचा) आकडा भरवशाचा नसतो. जास्त तापली तर ती करपते आणि उग्र धूर होतो. ती मुळात पीव्हीसी प्लास्टिकच आहे. तो धूर श्वासात जाऊ देऊ नका, खिडक्या उघडा.

बंटी_द_ग्रेट

माझ्या पुतण्याने ओल्या शाडूत मोहरी दाबून खवले केले होते. चौथ्या दिवशी डायनासोरच्या पाठीवर हिरवळ. पोरं इतकी खूश झाली की त्याला रोज पाणी घालायला लागली.

भूशास्त्री_नाना

निनाद, राजासॉरस निवडलात याचा फार आनंद झाला. मी सदतीस वर्षं भूशास्त्र शिकवलं. विद्यार्थ्यांना टी-रेक्स तोंडपाठ, पण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डायनासोर मिळाला आहे हे वर्गातल्या एकालाही माहीत नसायचं.

वरोऱ्याच्या बाजूला डोंगरगाव आहे. तिथे १९८४ ते १९८६ या काळात एका मोठ्या शाकाहारी डायनासोरचा सांगाडा खणून काढला गेला. सोहन जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे २००३ मध्ये तो स्वतंत्र प्रजातीचा ठरला आणि नाव पडलं 'इसिसॉरस'. इसि म्हणजे आयएसआय, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. संख्याशास्त्राची संस्था आणि डायनासोर, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारत. त्या संस्थेत भूशास्त्राचा विभाग आहे आणि बारापासॉरसचा उभा केलेला सांगाडाही तिथेच आहे. बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय. शोध लागला ते रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून पुढचं नाव 'टागोरेई'. तोही गोदावरीच्या खोऱ्यातलाच, आपल्या सिरोंच्यापासून फार लांबचा नाही.

इसिसॉरसची ठेवण इतर लांबमान्यांपेक्षा निराळी. मान तुलनेने आखूड आणि जाड, पुढचे पाय लांब. डोकं आणि मागचे पाय सापडलेले नाहीत. म्हणजे मूर्तिकाराला तिथे जवळच्या नातलगांकडून उसनवारी करावी लागते. ती विचार करून करावी.

ओंकार_म

नाना, आदर राखून एक विचारतो. मुलांसाठी खेळणं करायचं तर एवढं काटेकोर कशाला? माझ्या मुलाला आग ओकणारा हवा असतो. मी केला, पंखही लावले. तो खूश, मी खूश.

भूशास्त्री_नाना

ओंकार, तुमच्या मुलाचा ड्रॅगन झकासच असणार, तो जरूर करा. माझं म्हणणं एवढंच की त्याला ड्रॅगन म्हणा. राजासॉरस म्हणालात तर त्याचं शिंग त्याच्या कपाळावर हवं. १८५४ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी इग्वानोडॉनचे प्रचंड पुतळे उभे केले, तेव्हा नाकावर शिंग बसवलं. पुढे बेल्जियममध्ये पूर्ण सांगाडे मिळाल्यावर कळलं की तो अंगठ्यावरचा काटा होता. हॉकिन्स यांनी हाताशी होतं त्यातून प्रामाणिकपणे घडवलं होतं, त्यामुळे त्या चुकीबद्दलही मला आदर वाटतो. पण आज आपल्याला माहीत असताना पुन्हा तिथेच शिंग लावायला नको.

ओंकार_म

पटलं. आजपासून तो ड्रॅगन.

श्रीरंग_बर्लिन

नानांच्या उसनवारीच्या मुद्द्याला धरून. इथल्या निसर्गशास्त्र संग्रहालयात जिराफाटायटन या लांबमान्या डायनासोरचा सांगाडा उभा आहे, १३.२७ मीटर उंच. आजच्या टांझानियातल्या तेंडागुरूला १९०९ ते १९१३ या काळात झालेल्या उत्खननातला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिथे वही घेऊन बसतो.

मातीत हमखास चुकतात ते पाय. लांबमान्यांचा पुढचा पाय आपण हत्तीसारखा करतो, गोल, समोर पाच नखं. खरं तर पंज्याची हाडं खांबासारखी उभी, अर्धवर्तुळात असतात आणि मागून पाऊल खोलगट. जिराफाटायटनला अंगठ्याला एक नख होतं. टायटॅनोसॉरांत, म्हणजे इसिसॉरसच्या कुळात, बोटांची हाडंच बहुतांशी नाहीशी झाली. तेव्हा इसिसॉरसला पुढच्या पायांवर नखं रंगवू नका, नखं मागच्या पायांना. मी दोन मॉडेलांची नखं पातं घेऊन खरवडून काढलीत.

आणि मांसाहारींच्या हातांचे तळवे जमिनीकडे वळवू नका. टाळी वाजवताना असतात तसे एकमेकांकडे हवेत.

निनाद_कु

श्रीरंग, राजासॉरसचे हात कसे करू? मी तर तीन बोटं करून बसलो.

श्रीरंग_बर्लिन

राजासॉरसचे हात सापडलेले नाहीत. पण तो अबेलिसॉरिड कुळातला. त्यातल्या अर्जेंटिनाच्या कार्नोटॉरसचे हात मिळालेत. चार इवलाली बोटं आणि कोपराखालचा भाग नावालाच. तेच उसनं घ्या. विसास एकमध्ये त्याचा पंजा करंगळीच्या नखाएवढाही होणार नाही. टूथपिकच्या टोकाने करा.

सई_विदर्भ

धागा वाचून कालपासून बेचैन आहे! माझं आजोळ वरोऱ्याकडचं, आणि हे मला आज कळतंय. नाना, तिथे जाऊन काही पाहता येतं का?

भूशास्त्री_नाना

सई, डोंगरगावचा सांगाडा कोलकात्याला आहे. पण जवळच पिसदुरा आहे. मी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जायचो. नांगरलेल्या शेतात, पहिल्या पावसानंतर, मातीच्या ढेकळांत वेगळ्याच आकाराचे करडे-तपकिरी गोळे दिसायचे. काही पेरूएवढे, काहींवर पीळ पडल्यासारख्या रेषा. ती डायनासोरच्या विष्ठेची अश्मं, म्हणजे दगड झालेले अवशेष, आहेत. एक विद्यार्थिनी हातात घेऊन बराच वेळ निरखत होती, मी सांगितल्यावरही तिने ते खाली टाकलं नाही, उलट नाकाशी नेऊन वास घेऊन पाहिला. पुढे ती भूशास्त्रातच गेली.

तिथलं काही उचलून घरी आणू नका. अश्म ज्या थरात, ज्या जागी मिळतं त्यावरच त्याचा अर्थ लागतो.

आता मूर्तीच्या कामाचं. याच पिसदुऱ्याच्या अश्मांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी ते २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. तोवर डायनासोरांच्या काळात गवत होतं याचा ठोस पुरावा नव्हता. म्हणून एरवी डायनासोरच्या पायाखाली गवत दाखवणं चूक ठरतं. पण चंद्रपूरचा इसिसॉरस करत असाल तर पाटावर चार-दोन गवताचे झुबके खुशाल लावा. गालिच्यासारखी हिरवळ नको.

रंगारी

नाना, हे वाचून अंगावर काटा आला. मी सगळ्या पाटांवरचं गवत खरवडून काढलं होतं. इसिसॉरसच्या पाटावर परत लावणार.

धनेश_७

अवांतर: आमच्या सोसायटीच्या दिवाळीच्या किल्ल्यात गेल्या वर्षी बुरुजावर मावळे आणि तळ्याकाठी ट्रायसेराटॉप्स होता. परीक्षकांनी विचारल्यावर पोराने सांगितलं, "तो रायगडाच्या आधीचा आहे." बक्षीस मिळालं.

भूशास्त्री_नाना

धनेश, उत्तर अगदी बरोबर. ट्रायसेराटॉप्स अमेरिकेतला, पण काळ जुळतो. सह्याद्री ज्या लाव्हाचा झाला तो ओतला गेला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि डोंगरगाव-पिसदुऱ्याला ही अश्मं ज्यांत मिळतात ते लमेटा नावाचे खडकांचे थर त्या लाव्हाच्या खाली आहेत. पुढच्या दिवाळीत किल्ल्याच्या पायथ्याशी इसिसॉरस ठेवा.

अनघा_दे

निनादचा रंगांचा प्रश्न मागे राहिला. हिरवा का नको ते सांगते.

काहींचे रंग आता खरंच माहीत आहेत. पिसांच्या अश्मांत रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या टिकल्या आहेत, त्यांच्या आकारावरून रंग ओळखतात. चीनमधल्या सायनोसॉरोप्टेरिक्सची शेपटी तांबूस आणि पांढऱ्या पट्ट्यांची होती, हे २०१० मध्ये कळलं. सिटॅकोसॉरसची पाठ गडद आणि पोट फिकट. ब्रिटिश शिल्पकार रॉबर्ट निकल्स यांनी जेकब विंथर यांच्याबरोबर त्याची पूर्णाकृती मूर्ती केली, त्याचा अभ्यास २०१६ मध्ये आला. अशी मूर्ती उजेडात ठेवून पाहिलं की कळतं, वरून पडणारा प्रकाश गडद पाठ खोडते, खालची सावली फिकट पोट खोडतं आणि प्राणी झाडीत सपाट दिसतो, चटकन नजरेत येत नाही.

राजासॉरसचा रंग कुणालाच माहीत नाही. मग मी जिवंत जनावरांकडे जाते. ताडोब्यात गवा पाहिला होता. लांबून काळा, जवळून चॉकलेटी, पाठीवर जांभळट चकाकी आणि गुडघ्याखाली मळकट पांढरे मोजे. त्या एका गव्यावरून मी तीन डायनासोर रंगवलेत. एवढ्या मोठ्या जनावराला पोपटी रंग मला तरी पटत नाही. भडक रंग शिंगाला द्या, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा.

रंगारी

अनघाताईंना पूर्ण अनुमोदन. रंगवण्याचा क्रम असा ठेवतो. मूर्ती ठणठणीत वाळलेली हवी, शाडूत ओल राहिली तर रंगाचे पापुद्रे सुटतात. मग पांढऱ्या प्रायमरचं अस्तर. त्यावर ॲक्रिलिकचा मधला रंग सगळीकडे, पोटाकडे फिकट करत. तो वाळला की बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) चहाइतका पातळ करून सगळ्या अंगावर फिरवायचा आणि लगेच वरचा जुन्या बनियनने टिपून घ्यायचा. सुरकुत्यांत राहतो तेवढाच हवा. शेवटी कोरड्या ब्रशला फिकट रंग लावून कागदावर जवळजवळ सगळा पुसायचा आणि उंचवट्यांवरून हलका फिरवायचा. इथे खवले जागे होतात. मला सगळ्यात जास्त आनंद याच पाच मिनिटांत मिळतो.

खवल्यांचा अतिरेक नको. कार्नोटॉरसच्या त्वचेचे ठसे मिळालेत. बारीक खवले आणि मधूनमधून मोठे उंचवटे. विसास एकमध्ये बारीक खवले दिसणारच नाहीत. मोठे तेवढे करा, रव्याचे दाणे फेव्हिकॉलवर चिकटवून.

गोव्याचो_सुशांत

आमच्याकडे गणपतीच्या वर टांगायची माटोळी बांधताना रानातली फळं, बिया खूप गोळा होतात. काही बिया डोळ्यांना छान लागतात, पण पुढे कीड लागते. त्यापेक्षा काळा काचमणी बरा. वर नेलपॉलिशचा पारदर्शक थेंब, की डोळा ओला दिसतो.

सई_विदर्भ

मी पहिल्यांदाच करणार आहे आणि पायांची भीती वाटते. पायच नसलेलं काही सुचवा ना.

श्रीरंग_बर्लिन

अंड्यांचं घरटं कर! टायटॅनोसॉरची अंडी गोल, साधारण पंधरा ते वीस सेंटिमीटर व्यासाची. विसास एकमध्ये वाटाण्याएवढी. धार जिल्ह्यातून २०२३ मध्ये ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद झाली. घरट्याशेजारी सनाजेह ठेव. गुजरातेत धोली डुंगरीला मिळालेला हा साप, साडेतीन मीटरचा, अंड्यांच्या घरट्यातच वेटोळं घालून अश्म झाला. नागपूरचे धनंजय मोहबे यांनी तो शोधला, वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. शाडूची साडेसतरा सेंटिमीटरची वळी, वेटोळं, झालं.

सई_विदर्भ

पायही नाहीत आणि नागपूरचं नावही आलं. ठरलं!

निनाद_कु

तीन आठवड्यांनी येतोय. चौथा राजासॉरस उभा आहे.

मृणालताईंचं ऐकून तारेवर सुतळी गुंडाळली, मातीत कापूस मळला. रंगारींचं ऐकून तार पाटात बसवली. शाडू सोडला नाही. पायांना ओलं फडकं आणि पिशवी बांधून तो नऊ दिवस खिडकीआड बसला होता. दहाव्या दिवशी पिशवी सोडली तेव्हा मी आणि लेक टॉर्च घेऊन घोट्याभोवती शोधत होतो. डाव्या घोट्यावर काहीच नाही. उजव्यावर आतल्या बाजूला अर्धा सेंटिमीटरची एक रेघ, तिथेच थांबलेली. ती टोकदार काडीने थोडी मोठी केली, ओली केली, लगदा मिसळलेला शाडू भरला. परत उघडली नाही.

आणखी एक गोष्ट सुधारली. मामाच्या वाडीत कोंबड्या आहेत. लेकीने चालत्या कोंबडीचा व्हिडिओ काढला आणि आम्ही तो थांबवून थांबवून पाहिला. मागे वाकलेला जो सांधा मी गुडघा समजत होतो तो घोटा आहे, आणि खरा गुडघा वर, पोटाला टेकून. माझ्या आधीच्या तिघांचे गुडघे फार खाली होते. त्यामुळे घोट्यावर सगळं वजन तिरपं पडत होतं. तडा तिथेच जात होता याचं हेही एक कारण असावं.

रंग गव्याचा. शिंग विटकरी. हात टूथपिकने.

पेणची_मृणाल

निनाद, फार छान वाटलं. उजव्या पायाचा तो तडा पावसाळ्यात एकदा तपासा. आणि डोळे कधी रंगवले? आमच्याकडे आखणी सगळ्यात शेवटी.

निनाद_कु

शेवटीच. लेकीने रंगवले. श्वास रोखून, मनगट पाटावर टेकवून. उजवा डोळा झाल्यावर म्हणाली, "आता हा मला बघतोय, डावा लवकर करू दे."

आता इसिसॉरस. अठरा मीटर धरला तर विसास एकमध्ये नव्वद सेंटिमीटर होतो, म्हणून चाळीसास एक करतोय. नाना, आखूड जाड मान नेमकी किती उंच धरू?

भूशास्त्री_नाना

खांदा कमरेपेक्षा उंच ठेवा, मान त्याच चढाने पुढे जाऊ द्या. आधी कागदावर एका बाजूने काढून इथे टाका, मग माती भिजवा.